शिकारीच्या सहलींची दलाली: बूथवर उभं राहण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेक्सासमध्ये राहता, आजवर क्रूझ आणि युरोपच्या सहली विकल्यात, आणि आता एका बुकिंग एजंटने हिवाळ्यातल्या शिकार-प्रदर्शनात त्याच्या बूथवर उभं राहायला बोलावलंय. पगार नाही, होईल त्या बुकिंगवर कमिशन. तुम्ही स्वतः कधी रायफल हातात धरलेली नाही. विचारलंत ते हे की चार दिवसांत किती बुकिंग पदरात पडतील, आणि शिकार न केलेल्या माणसाचं तिथे कोणी ऐकेल का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ऐकतात. बूथवर येणारा माणूस तुमच्या नेमबाजीची परीक्षा घ्यायला आलेला नसतो. एवढे पैसे घालून कुठे जावं आणि कोणाबरोबर, म्हणजे कुठल्या आउटफिटरकडे (जागेवर शिकार घडवून आणणाऱ्या व्यावसायिकाकडे) जावं, एवढंच त्याला ठरवायचं असतं. विचारलं तर खरं सांगा: ‘मी शिकार करत नाही, पण या आउटफिटरकडे गेल्या हंगामात जाऊन आलेल्यांशी बोललोय.’ या वाक्याला वजन आहे. उलट काडतुसांच्या आकारांबद्दल ऐकीव माहिती फेकलीत तर तो दुसऱ्या वाक्याला ओळखतो, सौजन्याने एक माहितीपत्रक उचलतो आणि चालू पडतो.

पहिला प्रश्न मात्र मी जरा बदलून घेतो. किती बुकिंग होतील हे एजंटच्या नावावर, कुठलं प्रदर्शन आहे त्यावर, तेलाच्या आणि शेअर बाजाराच्या तब्येतीवर आणि नशिबावर अवलंबून आहे. तुमच्या हातात आहे ते वेगळंच. तिथे तुम्ही दुसऱ्याच्या शब्दावर आपला शब्द लावणार आहात. पाच-दहा हजार मैलांवरच्या एका माणसाच्या छावणीबद्दल, जमिनीबद्दल, प्रामाणिकपणाबद्दल तुम्ही एका अनोळखी माणसाला खात्री देणार. तेव्हा खरा प्रश्न असा आहे: ती खात्री देण्याइतकं तुम्हाला ठाऊक आहे का, आणि नसेल तर प्रदर्शनाआधी ते ठाऊक करून घेता येईल का. मी ही दलाली बरीच वर्षं करतोय, आधी दुसऱ्याच्या बूथवर उभा राहून आणि आता स्वतःच्या. पुढचं सगळं त्या अनुभवातून.

एक रुक्ष मुद्दा आधी उरकतो. व्हिसाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. एच-वन-बी वर असाल तर तुमची परवानगी ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याच कामापुरती आहे. बाहेर कमिशनवर उभं राहणं म्हणजे विनापरवाना नोकरी. एच-फोर वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, कामाचं कार्ड नसेल तर तेच. ‘चारच दिवस, तेही रोखीत’ हा बचाव नाही. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

आता पैसा. ग्राहक तुम्हाला काही देत नाही; त्याच्यासाठी किंमत तीच, थेट गेला तरी आणि तुमच्यामार्फत गेला तरी. आउटफिटर एजंटला सहसा १० ते १५ टक्के देतो, त्यातला ठरलेला हिस्सा तुमचा. पण टक्के कशावर, हे विचारल्याशिवाय बूथवर पाय ठेवू नका. आफ्रिकेतल्या सहलीची किंमत दोन तुकड्यांत असते: रोजचा दर आणि मारलेल्या प्रत्येक जनावराची ट्रॉफी फी. समजा दहा दिवस, रोजचे ४०० डॉलर, म्हणजे ४,०००, आणि ट्रॉफी फी वेगळी ६,००० डॉलर. कमिशन फक्त रोजच्या दरावर १५ टक्के असेल तर एजंटला ६०० मिळतात. सगळ्यावर असेल तर १,५००. तुमचा वाटा निम्मा धरला तर ३०० की ७५०, हा फरक त्या एका ओळीत आहे.

दुसरा प्रश्न: पैसे कधी? आज बुक होणारी सफारी बहुधा पुढच्या वर्षीची असते, कधी त्याच्या पुढच्या. काही एजंट डिपॉझिट आल्या आल्या आपलं कमिशन कापून घेतात आणि तुमचं तुम्हाला देतात. काही म्हणतात, शिकार पार पडल्यावर. दोन्ही पद्धती रास्त आहेत, पण ग्राहकाने मधेच रद्द केलं तर दिलेले पैसे परत मागणार का, हे लेखी हवं. २०२० साली सगळ्या जगाच्या सहली एकदम पुढे ढकलल्या गेल्या, तेव्हा कित्येक आउटफिटरांनी डिपॉझिटं कधीच खर्च करून टाकली होती, कुंपणांवर, पगारांवर, गाड्यांवर. ग्राहक फोन करायचे ते दलालाला. त्यामुळे डिपॉझिट कोणाच्या खात्यात जातं हे मी आता सगळ्यात आधी विचारतो. एजंटच्या वेगळ्या विश्वस्त खात्यात जात असेल तर उत्तम. शिवाय कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, वॉशिंग्टन आणि हवाई या राज्यांत सहली विकणाऱ्यांसाठी नोंदणीचे स्वतंत्र कायदे आहेत. तुम्ही सहलींच्या धंद्यातून आलात, त्यामुळे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. एजंटला ठाऊक आहे का ते बघा.

कुठलं प्रदर्शन आहे हेही तुम्ही लिहिलं नाही आणि त्याने बराच फरक पडतो. पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गला फेब्रुवारीत भरणारं प्रदर्शन नऊ दिवस चालतं. तिथे बायकामुलांसकट लोक येतात. त्यांना कॅनडातलं काळं अस्वल, हरणाची शिकार, मासेमारी हवी असते. दर विचारतात, पुन्हा विचारतात, शनिवारी भावाला घेऊन येतात. सफारी क्लब इंटरनॅशनल या शिकाऱ्यांच्या संघटनेच्या अधिवेशनात, म्हणजे पूर्वी रीनो किंवा लास व्हेगासला आणि २०२३पासून नॅशव्हिलला, येणारा माणूस आफ्रिकेत बहुधा जाऊन आलेला असतो आणि त्याला आता तिसरा किंवा चौथा देश हवा असतो. रीनोला भरणाऱ्या रानमेंढ्यांच्या शिकाऱ्यांच्या मेळाव्यात तर समोरच्याला तुमच्यापेक्षा जास्तच माहिती असते. तिथे नवख्याने मालकाशेजारी उभं राहून ऐकावं, बोलू नये. जर्मनीत डॉर्टमुंडला होणारं प्रदर्शन आणखी निराळं. पहिलं प्रदर्शन हॅरिसबर्गसारखं मिळालं तर बोलायचा सराव भरपूर होतो, पाय मात्र सुजतात. मऊ तळव्यांचे बूट घ्या, एरवी चौथ्या दिवशी तुम्ही ग्राहकाकडे न बघता खुर्चीकडे बघायला लागता.

आता खरं काम. एजंटच्या यादीत समजा बारा आउटफिटर आहेत. सगळ्यांचा अभ्यास करू नका. चार निवडा, प्रत्येकाला फोन करा आणि काही गोष्टी खोदून विचारा.

पहिली गोष्ट जमिनीची. शिकार कोणाच्या जमिनीवर होते आणि तो हक्क कधीपर्यंत आहे? टांझानियात शिकारीचे ब्लॉक सरकार वाटून देतं. नामिबियात १९९६च्या कायद्याने गावसमूहांची संरक्षणक्षेत्रं झाली आणि आउटफिटर त्यांच्याशी करार करतो. झिम्बाब्वेत ग्रामीण भागात जिल्हा परिषदांशी करार असतात. दक्षिण आफ्रिकेत बहुतेक जमीन खासगी आणि कुंपणाची. यातला कुठलाही करार पुढच्या वर्षी संपत असेल आणि ग्राहक दोन वर्षांनंतरची तारीख घेत असेल, तर तुम्ही हवा विकताय. करार नवा होईलही, पण ते ग्राहकाला आधी कळायला हवं.

दुसरी, यशाचा आकडा. ‘शंभर टक्के यश’ ऐकलं की मी विचारतो, शंभर टक्के कशाचं? काहीजण नेम धरण्याची संधी मिळाली तरी ते यशात धरतात. म्हणजे ग्राहकाने चुकवलं तर तो त्याचा दोष. मोजायची ही पद्धतही चालेल, पण मग तसं सांगायचं. उंच कुंपणाच्या रँचवर शंभर टक्के शक्य असतं. कोलोरॅडोच्या सरकारी जंगलात धनुष्यबाणाने एल्क (तिथलं मोठं हरीण) मारायला निघालेल्यांतले बहुतेक जण मोकळ्या हाताने परततात. तिथे कोणी ऐंशी-नव्वद टक्के सांगत असेल तर तो मोजतो काय हे विचारा.

तिसरी, संदर्भासाठी फोन नंबर. प्रत्येक आउटफिटर हसऱ्या चेहऱ्यांच्या तीन ग्राहकांचे नंबर देतो. मी मागतो ते गेल्या हंगामात ज्यांना हवं ते जनावर मिळालं नाही अशा दोघांचे. चांगला आउटफिटर जरा थबकतो आणि देतो. असा माणूस ‘मिळालं नाही, पण पुन्हा त्याच्याकडेच जाईन’ म्हणाला, की तो आउटफिटर मी डोळे मिटून विकतो. ‘असं कोणीच नाही’ म्हणणाऱ्याचं नाव मी यादीत खाली सरकवतो.

आणि फोटो. बूथवरचे अल्बम नीट बघा. शिकारी जनावरामागे हातभर नाही, चांगला दीड-दोन मीटर मागे बसतो, कॅमेरा जमिनीलगत ठेवतात, आणि मध्यम कुडू (पिळदार शिंगांचं आफ्रिकी हरीण) राक्षसासारखा दिसतो. शिकाऱ्याचा हात शिंगाला खरंच लागलाय का, की अधांतरी आहे, एवढं पाहिलं तरी कळतं. दुसरं, पाठीमागचा झाडोरा. विकताय कालाहारीची वाळू आणि फोटोत नदीकाठचं हिरवं रान दिसतंय, तर तो फोटो आला कुठून? तिसरं, तेच शिंग दोन वेगवेगळ्या माणसांच्या मांडीवर. असे अल्बम माझ्या पाहण्यात आहेत. सवयीचा शिकारी हे तुमच्याआधी ओळखतो आणि मग अल्बममधलं उरलेलं काहीच त्याला खरं वाटत नाही.

हे सगळं झालं की बूथवरचं बोलणं आपोआप बदलतं. नवखे लोक ‘काय मारायचंय?’ या प्रश्नाने सुरुवात करतात. मी त्याऐवजी मागची शिकार कुठे झाली आणि त्यात काय आवडलं नाही, हे विचारतो. माणूस काय आवडलं नाही ते भरभरून सांगतो, आणि त्यातच त्याची पुढची सहल दडलेली असते. कोणी म्हणतो, रोज आठ तास गाडीत बसवलं. कोणी म्हणतो, बायको छावणीत कंटाळली. तिसरा म्हणतो, गाइडने पहिल्याच दिवशी पहिलंच जनावर मारायला लावलं. तीन माणसं, तीन निराळी उत्तरं, आणि तिघांचं बजेट कदाचित सारखंच.

एक प्रसंग सांगतो, कारण याच ठिकाणी सगळ्यांची जीभ घसरते. साठी उलटलेले गृहस्थ, हातात कॉफी, बरोबर मुलगा. त्यांना अलास्कात डॉल मेंढा, म्हणजे तिथला पांढरा रानमेंढा, हवा होता. अशा शिकारीची किंमत साधारण पंचवीस-तीस हजार डॉलरच्या पुढेच, म्हणजे कमिशन घसघशीत. अलास्काच्या नियमाने बाहेरच्या राज्यातल्या शिकाऱ्याला डॉल मेंढा, तपकिरी अस्वल आणि पहाडी बकरा यांसाठी परवानाधारक गाइड घ्यावा लागतो, किंवा तिथे राहणारा जवळचा नातेवाईक बरोबर हवा. म्हणजे दलालाला हा माल आयताच. मी विचारलं, ‘जिन्याने वर आलात की सरकत्या जिन्याने?’ मुलगा हसला. गृहस्थ म्हणाले, ‘सरकत्या. गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये आहे.’ दहा दिवस, पाठीवर वजन, सुटे दगड, रोज हजारो फूट चढ-उतार. त्यांना मी नाही म्हटलं. मग बराच वेळ आम्ही ब्रिटिश कोलंबियातल्या घोड्यांवरून होणाऱ्या मूसच्या (तिकडच्या प्रचंड हरणाच्या) शिकारीबद्दल बोललो. बुकिंग त्या दिवशी झालं नाही, शस्त्रक्रियेनंतर उन्हाळ्यात झालं, आणि मुलाने मग स्वतःसाठी मेंढा बुक केला, तोही माझ्याकडेच.

दर वेळी असं गोड फळ मिळतं असं समजू नका. पुष्कळदा तुम्ही नाही म्हणता आणि तो माणूस शेजारच्या रांगेत जाऊन तीच सहल विकत घेतो. तुमचे दीड हजार डॉलर गेले, त्याची मोहीम तिसऱ्या दिवशी तळावरच्या तंबूत संपली. तरीही नाही म्हणायचं, कारण हे काम स्थळं सुचवणाऱ्याचं आहे. जमलं तर कोणी आठवण काढत नाही, बिघडलं तर दोन्ही घरांत तुमचंच नाव निघतं. आउटफिटरलाही असा ग्राहक नको असतो. त्याचे गाइड नाराज होतात, आणि पुढच्या वेळी तुमच्या ग्राहकासाठी चांगली तारीख काढून द्यायला तो हात आखडता घेतो.

दर सांगताना पूर्ण सांगा. आफ्रिकेच्या दरपत्रकावरचा आकडा हा घरी परतेपर्यंतचा आकडा नव्हे. जनावर जखमी होऊन निसटलं तरी ट्रॉफी फी लागते, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला ठाऊक नसतं आणि तिकडे गेल्यावर कळलं की तो दलालाला शिव्या घालतो. दोन शिकाऱ्यांत एक प्रोफेशनल हंटर (आफ्रिकेतला परवानाधारक गाइड) घेतला तर रोजचा दर उतरतो, पण एक माग काढत असताना दुसरा बघत बसतो; दोन जिवलग मित्रांना चालतं, नुकतीच ओळख झालेल्यांना नाही. शिकार न करणाऱ्या सोबत्याचा वेगळा दर असतो. चार्टर विमान, बक्षिसी, कातडी-शिंगांची प्राथमिक प्रक्रिया आणि पॅकिंग, जहाज किंवा विमानाचं भाडं, इथल्या टॅक्सीडर्मिस्टचं (कातडं भरून जनावर उभं करणाऱ्याचं) बिल हे सगळं वेगळं. दक्षिण आफ्रिकेत १५ टक्के व्हॅट दरात धरलाय की वरून लागणार, तेही विचारून ठेवा. नवख्या ग्राहकाला मी कागदावर दोन रकाने काढून देतो, दरपत्रकातलं आणि दरपत्रकाबाहेरचं. दुसरा रकाना पाहून काहीजण उठून जातात. जाऊ द्या, ते दोन महिन्यांनी उठलेच असते, डिपॉझिट परत मागत.

रायफल नेण्याबद्दल विचारणा हमखास होते, तेव्हा एवढं तरी तोंडपाठ हवं: अमेरिकेतून निघण्याआधी कस्टमच्या ४४५७ क्रमांकाच्या फॉर्मवर रायफलची नोंद, दक्षिण आफ्रिकेत उतरल्यावर तिथल्या पोलिसांचा ५२० क्रमांकाचा फॉर्म, आणि काडतुसांसाठी विमान कंपन्यांची साधारण पाच किलोची मर्यादा. कटकट नको असेल तर छावणीतली रायफल भाड्याने मिळते. यापलीकडचं एजंटला विचारा.

ट्रॉफी, म्हणजे जनावराची शिंगं, कातडं, दात, घरी येईल का, या प्रश्नावर मात्र एकही शब्द अंदाजाने बोलू नका. कुडू, इम्पाला, गेम्सबॉक या हरणांना साइट्स करारातले (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातले) परवाने लागत नाहीत. त्यावरून माणसाला वाटतं, सगळंच सोपं आहे. बिबट्या त्या कराराच्या सगळ्यात कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे तिकडचा निर्यात परवाना आणि अमेरिकेचा आयात परवाना दोन्ही हवेत, आणि त्याला महिने लागतात. हत्तीच्या ट्रॉफ्यांची टांझानिया आणि झिम्बाब्वेमधून आयात अमेरिकेने २०१४ साली एकाएकी थांबवली होती. ज्यांची शिकार झाली होती त्यांचे दात तिकडेच अडकले. सिंह २०१६पासून अमेरिकेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याखाली आहे. ध्रुवीय अस्वलाची कॅनडातून आयात २००८पासून बंद आहे, तरी कॅनडातली शिकार आजही विकली जाते, फक्त कातडं इकडे येत नाही. आणि सगळ्यात फसवा मामला बाँटबॉक या आफ्रिकी हरणाचा. दरपत्रकात तो ब्लेसबॉक या त्याच्या भाऊबंदाच्या खालच्याच ओळीत असतो, दिसायलाही जवळपास तसाच, पण अमेरिकेत आणायचा तर स्वतंत्र परवाना लागतो आणि तो शिकारीआधी मार्गी लावावा लागतो. ग्राहक छावणीत ‘चल, हाही घेऊ’ म्हणतो आणि मग ती शिंगं कुठल्याशा गोदामात पडून राहतात. तुम्ही बूथवर ती ओळ बोटाने दाखवून सावध केलंत, तर प्रोफेशनल हंटरसुद्धा तुमचे आभार मानेल.

देशांचे नियमही फिरतात. केनियाने १९७७ साली शिकार बंद केली ती आजतागायत. बोट्स्वानाने २०१४ साली बंद केली आणि २०१९ साली पुन्हा उघडली. ब्रिटिश कोलंबियाने २०१७च्या डिसेंबरात ग्रिझली अस्वलाची शिकार थांबवली, आणि पुढच्या हंगामाची बुकिंग घेतलेल्यांची तारांबळ उडाली. म्हणून करारात ‘सरकारने बंदी घातली तर डिपॉझिटचं काय’ हे कलम शोधा. नसेल तर घालून घ्या.

आता अशी गोष्ट, जी एजंट तुम्हाला बहुधा सांगणार नाही. तुम्ही अर्धा तास खर्चून ग्राहकाला आउटफिटर पसंत पाडून देता, आणि तो आउटफिटर स्वतः त्याच दालनात तीन रांगा सोडून बूथ मांडून बसलेला असतो. ग्राहक तिकडे जातो आणि म्हणतो, ‘थेट बुक केलं तर काय सूट?’ सज्जन आउटफिटर विचारतो, ‘तुम्हाला कोणी पाठवलं?’ आणि तुमचं कमिशन लिहून ठेवतो. सगळे सज्जन नसतात. यावर भांडून उपयोग नाही, सवय लावून उपयोग आहे. ज्या ग्राहकाला आउटफिटरचं नाव सांगितलं त्याचं नाव, गाव आणि कशाबद्दल बोलणं झालं ते त्याच दिवशी, दालन बंद व्हायच्या आत, आउटफिटरला ईमेलने कळवा. दोनच ओळी: ‘अमुक गृहस्थ आज आमच्याकडे आले होते, मे महिन्यातल्या आफ्रिकी रानम्हशीच्या शिकारीबद्दल बोललो, उद्या तुमच्या बूथवर येतील.’ तारीख-वेळेसकट नोंद राहते. चांगल्या आउटफिटरला ती सोयीची वाटते. वाईट असेल त्याला ती अडचणीची वाटते, आणि तेही कळलेलं बरं. मी तर शक्य असेल तेव्हा ग्राहकाला स्वतः तिकडे घेऊन जातो, हात मिळवून देतो आणि परत येतो. चालताना पाच मिनिटं बूथ रिकामा राहतो, पण त्या पाच मिनिटांत तिघांनाही कळतं की कोण कोणामुळे आलं.

भेटीचं कार्डही तसंच. कार्डाच्या मागे काय लिहिता यावर पुढचे सहा महिने ठरतात. ‘आफ्रिका, इच्छुक’ असं लिहिलेलं कार्ड मार्चमध्ये रद्दी असतं. ‘मूस हवा, घोड्यावर बसायला भीती, पत्नी ठरवणार, सप्टेंबर अजिबात नाही कारण मुलीचं लग्न’ असं लिहिलेलं कार्ड म्हणजे फोनवरच्या संभाषणाची सुरुवात तयार. पाहुणा वळला की लगेच लिहा. तासाभरात चार माणसं एकमेकांत मिसळतात.

‘प्रदर्शनापुरती खास सूट’ आणि ‘कोणीतरी रद्द केलेली जागा स्वस्तात’ या दोन पाट्या तुम्हाला जागोजाग दिसतील. रद्द झालेल्या जागा खऱ्याही असतात आणि ग्राहकाचं त्यात भलंही होतं. पण तीच रद्द झालेली जागा तिसऱ्या वर्षीही रद्दच झालेली दिसली की समजावं. तसंच आउटफिटरांनी संस्थांच्या लिलावासाठी दान केलेल्या शिकारी: पाच दिवस, एक शिकारी, दोन लहान जनावरं, आणि कमाई सगळी वरून घेतलेल्या जनावरांच्या ट्रॉफी फीमधून. त्यात बेकायदा काही नाही. ग्राहकाने विचारलं तर हिशेब मांडून दाखवा.

नैतिकतेचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण बूथवर तो विचारला जाईल. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे, त्यामुळे घरच्यांनाही तुमचं हे काम समजावून सांगावं लागेल. तुमची भूमिका काय असावी हे मी सांगणार नाही. मी स्वतः पाकिस्तानातल्या मारखोर या रानबकऱ्याचं उदाहरण देतो: गिलगिट-बाल्टिस्तानात मोजक्या परवान्यांचा लिलाव होतो आणि ८० टक्के पैसा तिथल्या गावांकडे जातो. त्याचबरोबर मी बंदिस्त पैदाशीचे सिंह विकत नाही, कितीही कमिशन असो. २०१८ साली डॅलस सफारी क्लब आणि सफारी क्लब इंटरनॅशनल या दोन्ही संघटनांनी त्या प्रकाराला जाहीर विरोध केला. तरी कुठल्यातरी बूथवर कुजबुजत तो विकणारा भेटतो. प्राणिहक्क संघटनांचे लोक ग्राहक बनून छुपे कॅमेरे घेऊन दालनांत फिरलेले आहेत, हे ध्यानात ठेवा. त्यासाठी घाबरून बोलायची गरज नाही. उद्या वर्तमानपत्रात छापून आलं तर लाज वाटेल असं वाक्य तोंडातून जाऊ नये, एवढंच. झिम्बाब्वेत २०१५ साली सेसिल नावाचा सिंह मारला गेला, त्यानंतर काही आठवड्यांतच अमेरिकेच्या मोठ्या विमान कंपन्यांनी सिंह, हत्ती, गेंडा, रानम्हैस, बिबट्या यांच्या ट्रॉफ्या वाहून न्यायचं थांबवलं. एका प्रकरणाने सगळ्यांची वाहतूक महागते, तुमच्या प्रामाणिक ग्राहकाचीसुद्धा.

तर किती बुकिंग? पहिल्या प्रदर्शनात एकही झालं नाही तर दचकू नका. पक्की सही दालनात क्वचितच होते, बहुतेक उन्हाळ्यापर्यंत फोनवर होतात. म्हणूनच एजंटला हो म्हणण्याआधी एक ओळ लिहून घ्या: प्रदर्शनात तुम्ही ज्यांची नावं नोंदवली त्यांचं बुकिंग नंतर किती महिन्यांपर्यंत तुमच्या खात्यात धरलं जाईल. एजंट सहा महिने म्हणेल, तुम्ही अठरा मागा, बारावर तडजोड होईल. आणि बूथचा पास, हॉटेल, पार्किंग यांचा खर्च कोणाचा तेही त्याच कागदावर येऊ द्या, कारण कमिशनवर उभ्या असलेल्या माणसाचा पहिला तोटा तिथेच होतो.